डावीकडचा कोपरा

माझ्या सेवा केंद्रात दोन कॉम्प्युटर आहेत. दारापाशी आहे तो जुना, २०१६ साली घेतलेला, त्यावर विंडोज १०. आतल्या भिंतीला टेकून आहे तो नवा, त्यावर विंडोज ११. जुन्याचं स्टार्टचं बटण खाली डाव्या कोपऱ्यात, नव्याचं खाली मधोमध. फरक पाहायला गेलं तर वीतभराचा. गेल्या दिवाळीत या वीतभर जागेवरून आमच्या घरात जो वाद झाला, तो माझ्या मनातून अजून गेलेला नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा-दिग्रस रस्त्यापासून थोडं आत. सातबारा, आठ-अ, उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, वीजबिल, पोरांचे परीक्षेचे फॉर्म, गावाला जे लागतं ते मी करते. गेल्या वर्षी पावसानं सोयाबीन उभं सडवलं होतं. मदतीसाठी फार्मर आयडी पाहिजे, त्यात लाडक्या बहिणींची केवायसी, केंद्रात पाय ठेवायला जागा नव्हती. आणि त्याच दिवसांत, १४ ऑक्टोबर २०२५ ला, विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट बंद झाले. वसुबारस तीन दिवसांवर आली होती. जुन्या यंत्रावर ११ चढेना. त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. माझा सहाव्या पिढीचा. यंत्र ठणठणीत, एक दिवस आजारी पडलेलं नाही. पण गावाचे आधार क्रमांक आणि बँकेचे आकडे ज्यातून जातात, ते उघडं ठेवून मला झोप लागली नसती. नवा घेतला. जुना इंटरनेटपासून तोडून टायपिंग आणि छपाईपुरता ठेवला.

माझा भाचा पुण्याला असतो. मोबाइलच्या ॲपमध्ये कुठलं बटण कुठं असावं, कुठल्या रंगाचं असावं, हे ठरवायचं त्याचं काम. तो दिवाळीला आला तेव्हा धनतेरसेच्या संध्याकाळी त्यानंच नवा कॉम्प्युटर मांडून दिला. तारा जोडल्या, प्रिंटर लावला, मराठी कळफलक घातला. मग स्टार्टचं बटण मधात पाहून मी म्हटलं, "हे इथं कशाला आणलं रे?" तिथून सुरू झालं.

त्याचं म्हणणं साधं होतं आणि त्यात तथ्य होतं. स्क्रीन आता रुंद झाल्या. माणसाचे डोळे मधात असतात, मग बटण टोकाला का ठेवायचं? दुसरं, आज जे पोर पहिल्यांदा कॉम्प्युटरसमोर बसतं ते आधी मोबाइल शिकून आलेलं असतं, आणि मोबाइलमध्ये रोजची चिन्हं खाली मधोमधच असतात. तिसरं, माणूस दोन आठवड्यांत सरावतो. तो म्हणाला, "मावशी, वापरायला सोपं आहे की नाही, हे मोजता येतं. किती वेळ लागला, किती चुका झाल्या, सगळं मोजतो आम्ही."

मी म्हटलं, मग माझा हात मोज.

मी माउस हातात घेतला, डोळे मिटले आणि हात डावीकडे खाली ढकलला. जुन्या कॉम्प्युटरवर बाण कोपऱ्यात जाऊन अडकतो, पुढे जायला जागाच नसते. क्लिक केलं की स्टार्ट उघडतो. बटण किती मोठं, किती लांब, काही पाहावं लागत नाही. अंधारात पाण्याच्या माठापर्यंत हात जातो तसा तो जातो. भाचा हसला आणि म्हणाला की याला नियम आहे. पॉल फिट्स नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९५४ मध्ये मांडलेला. लक्ष्य जितकं मोठं आणि जवळ, तितका हात लवकर पोचतो. स्क्रीनचा कोपरा बाणाला अडवतो, म्हणून कोपऱ्यातलं छोटं बटणही हाताच्या दृष्टीनं फार मोठं असतं. हे त्यानं स्वतःहून सांगितलं. तो प्रामाणिक मुलगा आहे, वाद जिंकण्यासाठी माहिती लपवत नाही.

मग मी त्याला नवं बटण दाखवलं. ११ मध्ये खालच्या पट्टीवरची सगळी चिन्हं मधोमध गोळा होतात आणि स्टार्ट त्यांच्या डाव्या टोकाला असतो. एक नवा प्रोग्रॅम उघडला की रांग वाढते आणि स्टार्ट थोडा डावीकडे सरकतो. आणखी एक उघडला की आणखी सरकतो. बंद केले की परत येतो. म्हणजे बटण मधात आणलं एवढंच झालेलं नाही, त्याला एक जागाच उरलेली नाही. दिवसातून शंभरदा जिथं हात जायचा तिथं आता शंभरदा आधी पाहावं लागतं. पूर्वीच्या कोपऱ्यात हवामान दिसतं, आणि बाण नुसता तिथं थांबला तरी बातम्यांचा मोठा फळा उघडतो.

"डावीकडे नेता येतं ना," तो म्हणाला. सेटिंगमध्ये, पर्सनलायझेशनमध्ये, टास्कबारमध्ये, त्यातही खाली. अर्ध्या मिनिटाचं काम. तो करायलाच निघाला होता. मी थांबवलं. का थांबवलं ते तेव्हा मला नीट सांगता आलं नाही.

मी कॉम्प्युटर शिकले ते २००८ साली, तालुक्याला, विंडोज एक्सपीवर. सकाळच्या एसटीनं जायचं, दुपारच्या एसटीनं यायचं. आमचे सर पहिल्या दिवशी म्हणाले होते, कुठंही हरवलात तर डाव्या कोपऱ्यात या, तिथून सगळीकडे जाता येतं. त्या एका वाक्यावर मी पूर्ण कोर्स काढला. घाबरले की कोपऱ्यात यायचे. तेव्हा मागे ती हिरवी टेकडी असायची, निळं आभाळ. तो खरा फोटो आहे, चार्ल्स ओरीअर या छायाचित्रकारानं १९९६ मध्ये कॅलिफोर्नियात काढलेला. यवतमाळच्या मे महिन्यात तशी हिरवळ पाहूनच डोळे निवायचे. टेकडीखाली ते हिरवं बटण, त्यावर अक्षरात लिहिलेलं: स्टार्ट.

ते बटण आलं कसं, हे पुढे कधीतरी वाचलं आणि मला फार आवडलं. विंडोज ९५ तयार होत असताना मायक्रोसॉफ्ट कंपनीनं साध्या माणसांना यंत्रापुढे बसवून पाहिलं. पुष्कळांना कळेचना की सुरुवात करायची कुठून. म्हणून बटणावर तोच शब्द लिहिला, सुरुवात. २४ ऑगस्ट १९९५ ला ती प्रणाली बाजारात आली तेव्हा खालच्या पट्टीवर एक बाण सरकत सरकत त्या बटणाकडे यायचा आणि सांगायचा की इथं क्लिक करून सुरू करा. अडाण्याला कमी न लेखता त्याच्यासाठी दार दाखवणं म्हणतात ते हे. ज्यानं कुणी हे सुचवलं असेल त्यानं माणसं अडखळताना जवळून पाहिली होती.

आणि मग २६ ऑक्टोबर २०१२ ला विंडोज ८ आलं, त्यात ते बटणच नव्हतं. चौकोनी रंगीत फरश्यांची भिंत आली. वर्षभर जगभर लोक भांडले. १७ ऑक्टोबर २०१३ ला ८.१ मध्ये बटण परत दिलं, पण दाबलं की फरश्याच यायच्या. जुन्या वळणाचा मेनू थेट विंडोज १० बरोबर, २९ जुलै २०१५ ला परतला.

त्या मधल्या काळातली एक दुपार मला आठवते. २०१३ चा उन्हाळा. मी नुकतंच केंद्र टाकलेलं, उसनवारीनं एक नवा कॉम्प्युटर आणलेला. भारनियमन जोरात. लाइन गेली की यूपीएस दहाएक मिनिटं तग धरायचा आणि कुई कुई करत राहायचा. तेवढ्यात फॉर्म सेव्ह करायचा आणि यंत्र नीट बंद करायचं, हे आमचं रोजचं. जुन्या यंत्रावर कोपरा, मग टर्न ऑफ, की झालं. त्या दिवशी नव्यावर बंद करायचं बटण मला सापडेना. समोर तीन माणसं उभी, यूपीएस ओरडतोय, आणि मी फरश्यांमागून फरश्या सरकवतेय. शेवटी बॅटरी संपली आणि सगळं काळं झालं. काही बिघडलं नाही, फॉर्म सेव्ह झालेला होता. पण एक म्हातारे काकाजी होते, ते म्हणाले, "पोरी, शिकून घेत जाय आधी." त्यांनी वाईट मनानं म्हटलं नव्हतं. मला मात्र रडू आलं. पाच वर्षं जे शिकले, गावात ज्याच्या जोरावर दुकान टाकलं, ते मला येत नाही असं झालं होतं. संध्याकाळी कळलं, माउस उजव्या कोपऱ्यात नेऊन थांबला की एक पट्टी बाहेर येते, तिच्यात सेटिंग, त्यात पॉवर, त्यात शट डाऊन. रिकाम्या कोपऱ्यात काही आहे, हे दिसायला तिथं एक ठिपकादेखील नव्हता.

भाच्यानं हे ऐकून घेतलं आणि त्या प्रणालीची बाजू मांडली. त्या लोकांनी ओळखलं होतं की जग बोटानं चालणाऱ्या स्क्रीनकडे जाणार आहे, आणि ते खरं ठरलं. हे मला मान्य करावंच लागतं. माझ्या सासूबाईंनी जन्मात माउस धरला नाही. शाळेचं तोंड पाहिलं नाही. पण मोबाइलवर हिरव्या फोनच्या चौकोनावर बोट ठेवून त्या अमरावतीच्या लेकीशी रोज बोलतात, तिचा चेहरा पाहतात. फरशीवर चित्र आणि चित्रावर बोट, हे त्यांना कुणी शिकवलं नाही. तेव्हा फरश्या वाईट नव्हत्याच. फक्त २०१३ मध्ये आमच्या गावात बोटानं चालणारा एकही कॉम्प्युटर नव्हता. आमच्या हातात माउस होता, आणि माउसवाल्यांचं दार काढून बोटवाल्यांचं बसवलं होतं. आधीचं दार ठेवून शेजारी नवं पाडता आलं असतं, असं मला आजही वाटतं.

नवं ते वाईट, असं म्हणणाऱ्यातली मी नाही, हे भाच्याला पटवायला मला मराठीकडे यावं लागलं. एक्सपीवर मराठी आपोआप नसायची. सेटिंगमध्ये खूण करायची, मग ते यंत्र सीडी मागायचं. गावाकडे सीडी कुणाजवळ असणार? लोक जुन्या फॉन्टमध्ये टाइप करायचे. इकडची फाइल तिकडच्या यंत्रावर उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसायचा. माझ्याच केंद्रात ग्रामसभेच्या ठरावांची अशी एक फाइल आली होती, त्यातली एक ओळ कुणाला वाचता आली नाही. पुढच्या प्रत्येक आवृत्तीत हे सुधारत गेलं. मंगल हा फॉन्ट एक्सपीच्याही आधी, विंडोज २००० मध्येच आला होता, अक्षरांचे जाणकार र. कृ. जोशी यांनी घडवलेला. निर्मला हा नवा फॉन्ट तर त्या विंडोज ८ बरोबरच आला, ज्यानं माझं बटण काढलं होतं. त्यानं छोट्या अक्षरातलं मराठीसुद्धा स्क्रीनवर स्वच्छ दिसायला लागलं. आज मला सीडी लागत नाही. ही सुधारणा कुणी परत मागितली तर मी देणार नाही.

पण त्याच मराठीत दुसरी गोष्ट आहे. मी इन्स्क्रिप्ट या कळफलकाच्या मांडणीवर टाइप करते. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. १९९१ च्या भारतीय मानकात ही मांडणी आहे, आणि पुढे काही अक्षरं त्यात वाढली तरी 'क' जिथं होता तिथंच आहे. एक्सपीवर तिथं, ७ वर तिथं, १० वर तिथं, ११ वर तिथं. प्रणाली किती बदलल्या, फॉन्ट बदलले, यंत्रं बदलली, पण माझ्या बोटांना कुणी परत पहिलीत बसवलं नाही. अर्जदार समोर बसून बोलत असतो आणि मी त्याच्या तोंडाकडे पाहत लिहीत जाते. त्याचं ऐकता येतं. बोटांना जागा माहीत असतात म्हणून डोळे माणसासाठी मोकळे राहतात. सोपेपणा म्हणजे मला हेच वाटतं, आणि हे सेकंदात कसं मोजायचं ते भाच्यालाही सांगता आलं नाही. तो गप्प बसला. मग म्हणाला, "पण मग कधीच काही हलवायचं नाही का?"

प्रश्न चांगला होता. त्याचं उत्तर मला दुसऱ्या दिवशी माझ्या मोठ्या जाऊबाईंकडून मिळालं.

जाऊबाई पन्नाशीच्या पुढच्या, सातवी शिकलेल्या, आमच्या बचत गटाच्या सचिव. गटातल्या पाच बायांना मी कॉम्प्युटर शिकवला, त्यांत त्या सगळ्यांत चिवट. त्यांच्यासाठी मी एक वही केली आहे. प्रत्येक पानावर स्क्रीनचा चौकोन काढलेला, बटण कुठं ते पेननं रंगवलेलं, आणि खाली पायऱ्या. त्यात इंग्रजी शब्द मी जसेच्या तसे काढून दिले, कारण जाऊबाई इंग्रजी वाचत नाहीत, शब्दाची मूर्ती ओळखतात. 'कॉपी' चार अक्षरांचं, शेवटी शेपटी खाली आलेली. 'पेस्ट' पाच अक्षरांचं, शेवटून दुसरी एक उभी काडी. अशा ओळखीवर त्या गटाचा हिशेब एका फाइलीतून दुसरीत नेतात, महिन्याच्या बैठकीचा ठराव छापतात. दोन वर्षांत आकडा चुकलेला नाही.

त्या दिवशी जुन्यावर छपाई चालू होती म्हणून जाऊबाई नव्यावर बसल्या. मी गर्दीत होते. थोड्या वेळानं पाहिलं तर त्या उठून पदर सावरत उभ्या. मी विचारलं, झालं का? तर म्हणाल्या, "नाई वं. माह्या ध्यानातूनच गेलं सारं. वय झालं आता. तूच करून घेजो."

बटण सरकलं, असं त्या म्हणाल्या नाहीत. उजव्या क्लिकच्या मेनूत कॉपी आणि पेस्टच्या शब्दांच्या जागी नुसती चित्रं आली होती, असंही म्हणाल्या नाहीत. (११ मध्ये ती तशी होती, आणि २०२४ च्या मोठ्या अपडेटमध्ये चित्रांखाली शब्द परत आले, आमच्या नव्या यंत्रात दुकानदारानं आधीची आवृत्ती टाकली होती आणि आम्ही अजून अपडेट घेतलं नव्हतं.) त्यांनी थेट स्वतःलाच दोष दिला. मलेच येत नाई. २०१३ च्या त्या दुपारी मी जे केलं होतं, तेच.

रात्री अंगणात बसलो होतो. कणकीचे दिवे विझत आले होते. मी भाच्याला म्हटलं, तू विचारलंस ना, काही हलवायचंच नाही का? हलव. पण हलवलं हे त्या माणसाला दिसू दे. पूर्वीच्या जागी हात गेला तर तिथं कुणी तरी सांगणारं पाहिजे की मी इकडे गेलो आहे. पंचाण्णव साली तो बाण होता तसा. माणूस दोन आठवड्यांत सरावतो असं तू म्हणतोस. तुझ्या पुण्यात सरावत असेल, त्याच्या टेबलावर रोज यंत्र आहे, शेजारी विचारायला चार जण आहेत. जाऊबाई महिन्यातून तीनदा बसतात. त्यांचे दोन आठवडे म्हणजे पाच महिने. आणि त्या एकट्या नाहीत. मी पाच जणींना शिकवलं, त्यांतल्या दोघींनी आपल्या सुनांना शिकवलं. हे सगळं एका वहीवर उभं आहे. बटण वीतभर सरकलं की वहीचं प्रत्येक पान खोटं पडतं, आणि पान खोटं पडलं असं कुणी म्हणत नाही, सगळ्या म्हणतात आम्ही विसरलो.

तो म्हणाला, चाचणीला माणसं बसवतो तेव्हा आम्ही एकेकाला बसवतो. कुणी कुणाला शिकवलं, हे आमच्या कागदावर नसतंच. मग बराच वेळ काही बोलला नाही.

मी म्हटलं, बटण डावीकडे नेऊन देशील तर बरंच होईल. पण आधी एक दिवस केंद्रात बस. काही सांगू नको कुणाला, नुसता पाहा.

पाडव्याला केंद्र बंद होतं. भाऊबीजेच्या दिवशी सकाळी दोन तास उघडलं, कारण गटाचा ठराव बँकेत द्यायचा होता. मी जाऊबाईंना आग्रह करून परत नव्यावर बसवलं. भाचा त्यांच्या मागे स्टूल घेऊन बसला. वही त्यांनी मांडीवर उघडी ठेवली होती, पण पाहत नव्हत्या. उजवा हात माउसवर, आणि हात सरळ गेला डावीकडे खाली, कोपऱ्यात, एका झटक्यात, न चुकता. तिथं बाण थांबला. बातम्यांचा फळा उघडला, मोठमोठे फोटो, सगळं इंग्रजीत. जाऊबाईंनी हात पटकन मागे घेतला, भाजल्यासारखा, आणि मांडीवर ठेवला.

भाच्यानं स्टूल पुढे ओढलं. हळूच विचारलं, "मोठ्या मावशी, काय शोधत होत्या तुम्ही तिथं?"

"काई नाई रे बाबू," त्या म्हणाल्या. "हात गेला."